निरीक्षणाखालची लिफ्ट

मिस्त्रींना शहराबद्दल काही मत नव्हतं. बावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांना ते कुणी विचारलंही नव्हतं. सव्वीस वर्षं ते लिफ्ट दुरुस्त करत होते आणि लिफ्टच्या कामात मताला जागा नसते. ती एक तर चालते, नाहीतर चालत नाही. चालत नसली की मिस्त्रींचा फोन वाजायचा. दिवसातून अकरा-बारा वेळा. पलीकडे कुणीतरी ओरडत असायचं, कारण ते दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेलं असायचं, आणि मिस्त्री सांगायचे, "घाबरू नका, आत हवा येते. दार ओढू नका. मी निघालोच." सव्वीस वर्षांत अडकलेला एकही माणूस दगावला नव्हता, पण बाहेर निघेपर्यंत एकानंही त्यांच्यावर विश्वास ठेवला नव्हता.

ते स्वतः चौदाव्या मजल्यावर राहायचे. दोन खोल्या, एक गॅलरी, आणि गॅलरीसमोर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची गॅलरी. वरच्या घरात रोज पहाटे पाचला कुणीतरी पलंग ओढायचं. कुठून कुठे आणि कशासाठी, हे नऊ वर्षांत कळलं नव्हतं. शेजारच्या नवरा-बायकोचं भांडण मिस्त्रींना इतकं पाठ झालं होतं, की नवऱ्याची बाजू लंगडी पडायला लागली की यांना मनातल्या मनात मुद्दे सुचायचे. याचा त्रास होतो असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. पाठीवरच्या तिळाचा होतो का त्रास? तसंच.

मिस्त्रीणबाईंना तर हे सगळं आवडायचं. इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, त्यांचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, एक स्टूल आणि सकाळी नऊपासून बायकांची रीघ. कुणाला उसवून हवं असायचं, कुणाला आवळून. शे-दोनशे बायकांची मापं त्यांच्या डोक्यात होती आणि त्यापेक्षा जास्त बायकांची गाऱ्हाणी. संध्याकाळी वर आल्या की त्या ती सगळी मिस्त्रींना सांगायच्या. मिस्त्री ऐकायचे. मुलगा परदेशी नोकरीला गेल्यापासून घरात ऐकायला ते एकटेच उरले होते.

तर अशात कंपनीकडे एक काम आलं. एका श्रीमंत माणसानं आपल्या आईच्या आठवणीसाठी तिच्या गावातल्या दवाखान्यावर एक मजला चढवून दिला, आणि त्या मजल्याला लिफ्ट. एका मजल्याची लिफ्ट. खालून वर जायला तिला एकोणीस सेकंद लागणार होते. जिन्यानं चौदा लागायचे. गाव शहरापासून सात तासांवर. तिथे तीन आठवडे राहून लिफ्ट बसवायला कुणी तयार होईना. एकाची कंबर धरली, दुसऱ्याच्या मेहुण्याचं लग्न निघालं. मिस्त्रींना वेळेवर काही सुचलं नाही, म्हणून ते गेले.

बस त्यांना फाट्यावर उतरवून निघून गेली. तिचा आवाज वळणापलीकडे विरला, आणि मिस्त्रींना वाटलं, आपले कान गेले. ते तिथेच उभे राहिले. मग त्यांनी कानाजवळ चुटकी वाजवली. ऐकू आली. दुसऱ्या कानाजवळ वाजवली. तीही आली. रस्त्याच्या कडेला शेळी चारत बसलेल्या एका बाईनं हे पाहिलं आणि शेळी जरा जवळ ओढली.

दवाखान्यामागच्या खोलीत त्यांची सोय केली होती. दवाखाना सांभाळायच्या सिस्टर. वय साठच्या पुढे, निवृत्ती दोनदा लांबलेली, कारण बदली यायला कुणी धजावत नव्हतं. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, बाकीचे पाच दिवस सिस्टरच डॉक्टर. त्यांनी मिस्त्रींना किल्ली दिली आणि म्हणाल्या, "इथे काही नाहीये. आधीच सांगते."

"चालेल," मिस्त्री म्हणाले.

संध्याकाळी ते पायरीवर चहाचा कप घेऊन बसले. आवाज होते, नव्हते असं नाही. पण ते एकेक येत होते. आधी कुठेतरी विहिरीवर बादली आपटली. मग बराच वेळ काही नाही. मग एक कुत्रं दोनदा भुंकलं आणि त्याचं समाधान झालं. मग पुन्हा काही नाही. दोन आवाजांच्या मध्ये इतकी मोकळी जागा असते हे मिस्त्रींना ठाऊकच नव्हतं. चहा गार झाला तरी ते बसून राहिले. त्या रात्री त्यांना जी झोप लागली, ती थेट सकाळी सिस्टर नाडी बघायला आल्या तेव्हा मोडली.

तीन आठवड्यांचं काम त्यांनी तीन आठवड्यांत केलं. त्याहून सावकाश त्यांना जमलं नाही. लिफ्ट सुरू झाली तेव्हा अर्धं गाव बघायला जमलं, वर जाऊन खाली आलं आणि घरी गेलं. कायमचा प्रवासी एकच उरला. ते निवृत्त पोस्टमास्तर. त्यांची बायको वरच्या सहा खाटांच्या वॉर्डात पाच महिने पडून होती. अर्धांगवायूचा झटका. पोस्टमास्तरांचे गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे वॉर्ड वर हलवल्यापासून त्यांनी बायकोला पाहिलं नव्हतं. खालच्या अंगणात उभं राहून ते खिडकीकडे बघून मोठ्यानं बोलायचे, आणि वरून सिस्टर "ऐकलं त्यांनी" असं सांगायच्या. आता ते रोज चारच्या ठोक्याला यायचे, टोपी नीट करायचे, लिफ्टमध्ये शिरायचे आणि बटण असं दाबायचे जसं पाकिटावर शिक्का मारतात.

"कशी आहे लिफ्ट?" मिस्त्रींनी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"चांगली आहे," पोस्टमास्तर म्हणाले. "फक्त प्रवास लवकर संपतो."

मिस्त्री शहरात परतले, आणि पहिल्यांदा त्यांना शहर ऐकू आलं. सगळंच एकदम ऐकू आलं. हॉर्न, मिक्सर, पलंग, शेजारचा नवरा. रस्ता ओलांडताना ते मधेच थबकले आणि तीन वाहनचालकांनी त्यांची बिनपाण्यानं केली. घरी ते गॅलरीचं दार लावून घ्यायला लागले. मिस्त्रीणबाई ते उघडायच्या, हे लावायचे. जेवणाच्या सुट्टीत ते डबा घेऊन कुठल्यातरी इमारतीच्या गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत जाऊन बसत. लिफ्ट थांबलेली असली की तिथे त्यातल्या त्यात बरं असायचं, पण थांबलेली लिफ्ट फार वेळ थांबलेली ठेवता येत नाही.

"तुम्हाला झालंय काय?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," मिस्त्री म्हणाले. हे शब्दशः खरं होतं. त्यांना 'काही नाही' याचीच चटक लागली होती.

करारात लिहिलं होतं की नव्या लिफ्टची दर तीन महिन्यांनी तपासणी करायची. मिस्त्री गेले. लिफ्ट ठणठणीत होती. त्यांनी दोन दिवस राहून तिला तेल घातलं, दोर पुसले, बटणांची पितळी चकती चकचकीत केली आणि अहवालात लिहिलं: "दरवाजा बंद होताना किंचित संकोचतो. पुढील महिन्यात निरीक्षण आवश्यक."

लिहून झाल्यावर त्यांनी ते वाचलं आणि त्यांना घाम फुटला. सव्वीस वर्षांत त्यांनी कुठल्याही लिफ्टवर खोटा आळ घेतला नव्हता. पण कचेरीतल्या साहेबांनी न वाचता सही केली.

मग सवयच लागली. पुढच्या महिन्यात लिहिलं: "वर जाताना ठीक. खाली येताना शंका." त्याच्या पुढच्या वेळी: "घंटीचा सूर उतरला आहे." मग "दमट हवेचा परिणाम तपासणे बाकी", आणि पुढच्या पंधरवड्यात हवा कोरडी पडली तेव्हा "कोरड्या हवेचा परिणाम तपासणे बाकी". महिन्याची खेप पंधरा दिवसांवर आली. वर्षभरात सतरा अहवाल गेले. कागदावर ती लिफ्ट कंपनीची सर्वांत आजारी लिफ्ट झाली. प्रत्यक्षात तिची अशी बडदास्त होती की पोस्टमास्तर आत शिरताना चपला बाहेर काढायचे.

इकडे मिस्त्रीणबाईंच्या मनात पाल चुकचुकली. नवरा शहरातल्या कामाला चुरगळलेला शर्ट घालून जायचा आणि गावाला जाताना इस्त्री करायचा. परत यायचा तो चेहऱ्यावर तकाकी घेऊन. दुकानातल्या बायकांनी एकमतानं निदान केलं, आणि कुठल्याही गोष्टीवर त्या बायकांचं एकमत होण्याची ती पहिलीच वेळ होती. बाईंनी दोन दिवस विचार केला आणि सरळ कचेरीत फोन लावला.

"साहेब, त्या गावातल्या लिफ्टला नेमकं झालंय तरी काय?"

साहेबांच्या टेबलावर नेमकी तीच फाईल उघडी होती. वरून विचारणा आली होती. त्यांनी एकेक अहवाल वाचून दाखवला. बाई ऐकत राहिल्या. 'संकोचतो'पाशी त्यांनी साहेबांना पुन्हा वाचायला लावलं.

"अशी लिफ्ट ठेवणं धोक्याचं आहे," साहेब म्हणाले. "काढून कारखान्यात परत पाठवायचं ठरलंय. परवा मी स्वतः जाणार आहे."

"गाडीत जागा आहे का?" बाईंनी विचारलं.

मिस्त्री तेव्हा गावातच होते. साडेतीनच्या सुमाराला दवाखान्यापुढे गाडी थांबली, पुढच्या दारानं साहेब उतरले आणि मागच्या दारानं आपली बायको उतरली, हे पाहून ते हातातलं फडकं घेऊन तसेच उभे राहिले. कुणाला आधी 'या' म्हणावं हे त्यांना ठरवता येईना. शेवटी ते गाडीलाच "या" म्हणाले.

साहेब मुळात लिफ्टचाच माणूस. टेबलामागे बसून बारा वर्षं झाली होती, पण हात विसरले नव्हते. त्यांनी कोट काढून ठेवला. लिफ्ट अकरा वेळा वर नेली, अकरा वेळा खाली आणली. दाराला कान लावला. दोराला नखानं टिचकी मारली. लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरून हात फिरवला. हात स्वच्छ निघाला. ते वर आले तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या.

"दोष सापडत नाहीये," ते म्हणाले. "म्हणजे आत खोल कुठेतरी आहे. उद्या माणसं बोलावतो. खोलून न्यावी लागेल. नवी यायला चार-पाच महिने."

एवढ्यात चार वाजले आणि पोस्टमास्तर आले. त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं.

"मग मी वर कसा जाणार?"

"जिना आहे ना, आजोबा," साहेब म्हणाले.

पोस्टमास्तरांनी जिन्याकडे पाहिलं. टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली. मग विचारलं, "आज तरी जाऊ का?"

मिस्त्रींनी फडक्याची घडी घातली, ती पुन्हा मोडली आणि म्हणाले, "साहेब, लिफ्टला काही झालेलं नाही."

"म्हणजे?"

"ती पहिल्या दिवसापासून ठणठणीत आहे. मी खोटं लिहिलं."

दवाखान्याच्या व्हरांड्यात सिस्टर सिरिंजमध्ये औषध भरत होत्या, त्या थांबल्या. मिस्त्रीणबाई बाकावर बसल्या होत्या, त्या उठल्या.

"सतरा अहवाल, मिस्त्री," साहेब म्हणाले.

"हो साहेब."

"एकही खरा नाही?"

मिस्त्रींनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "सहावा खरा आहे. त्या वेळी एक स्क्रू खरंच ढिला होता."

"पण का?"

मिस्त्रींनी आजूबाजूला पाहिलं, दाखवण्यासारखं काही आहे का म्हणून. समोर अंगण होतं, चिंचेचं झाड होतं, झाडाखाली एक रिकामी खुर्ची. "इथे आवाज नसतो साहेब," ते म्हणाले. "म्हणून येत होतो."

पोस्टमास्तरांनी तेवढ्यात संधी साधून लिफ्टमध्ये पाऊल टाकलं आणि दार लागलं.

साहेबांना चिडायचं होतं हे दिसत होतं. पण सात तास गाडीत, त्यात अकरा खेपा. ते चिंचेखालच्या खुर्चीत जाऊन बसले, "मला विचार करू द्या" म्हणाले, आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागले.

मिस्त्रीणबाई मागच्या खोलीकडे चालू लागल्या. मिस्त्री मागोमाग. बाईंनी खोलीत नजर फिरवली. एक खाट, एक स्टोव्ह, दोरीवर दोन इस्त्रीचे शर्ट. त्यांनी खाटेखालीही वाकून पाहिलं. तिथे ग्रीसचा डबा होता.

"बाई कुठाय?" त्यांनी विचारलं.

"कुठली बाई?"

"सिस्टर सोडून."

"सिस्टर सोडून कुणी नाही."

बाई खाटेवर बसल्या. बराच वेळ त्यांनी पदराच्या काठाशी चाळा केला. एक टाका निसटला होता, तो त्यांनी नखानं सारखा केला. मग त्या म्हणाल्या, "बाई असती तर मी तिच्याशी भांडले असते. आता कुणाशी भांडू? या भिंतीशी?"

"माझ्याशी भांड."

"तुमच्याशी काय भांडायचं! तुम्ही ऐकून घेता. मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार? मला गप्प बसायला आवडतं म्हणून?"

"हो."

"तू हसली असतीस."

"हसले असते," बाई म्हणाल्या. "मग चहा करून दिला असता. वर्षभर मी दुकानात तोंड पाडून बसले, त्या बायका मला धीर देत होत्या, काय काय सुचवत होत्या. एकीनं तर वकीलही बघून ठेवलाय."

मिस्त्री खाली मान घालून उभे राहिले. इतकी वर्षं लोकांना 'घाबरू नका, मी निघालोच' असं सांगणाऱ्या या माणसाला आपली स्वतःची बायको वर्षभर अडकून पडलीय हे कळलं नव्हतं. "माझं चुकलं," ते म्हणाले. हे त्यांनी लग्नानंतर प्रथमच इतक्या स्पष्ट शब्दांत म्हटलं होतं, त्यामुळे दोघंही जरा अवघडले.

"आता पुढे?" बाईंनी विचारलं.

"नोकरी गेली तर गेली. मी इथेच राहीन म्हणतो. पंप असतात, गिरणी आहे. काम मिळेल." मग चाचरत म्हणाले, "तू येशील?"

"नाही," बाई म्हणाल्या. "आल्यापासून बघतेय, मला इथे जीव घाबरा होतोय. कुणीतरी मेल्यासारखं वाटतं. माझं दुकान आहे, माझ्या बायका आहेत. मी नाही यायची."

"बरं."

"रागावलात?"

"नाही. तुला तिथे आवडतं, हे मला माहीत आहे."

साहेब दीड तासानं जागे झाले. गालावर खुर्चीच्या विणकामाची नक्षी उमटली होती. त्यांनी आधी घड्याळ पाहिलं, मग मोबाईल. "कुणाचा फोन नाही आला?"

"इथे लागत नाही साहेब," सिस्टर म्हणाल्या.

साहेब त्या मोबाईलकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग त्यांनी सिस्टरनी दिलेला चहा घेतला आणि मिस्त्रींना समोर उभं केलं. त्यांनी जे सांगितलं ते असं: खोट्या अहवालांबद्दल लेखी ताकीद मिळेल आणि बढती विसरायची. पण कंपनीत बाहेरगावच्या लिफ्टसाठी एक जागा आहे. या बाजूच्या पाच-सहा गावांत मिळून नऊ लिफ्ट आहेत. ती जागा आठ वर्षं रिकामी आहे, कारण ती शिक्षा आहे असाच सगळ्यांचा समज आहे. "मी वर कळवतो, की शिक्षा म्हणून तुमची इथे बदली केली," साहेब म्हणाले. "तोंड जरा पाडून ठेवा, कुणी विचारलं तर."

मिस्त्रींनी तोंड पाडायचा मनापासून प्रयत्न केला. जमलं नाही.

बदली झाली. मिस्त्री गावात राहायला आले, आठवड्यातले तीन दिवस दुचाकीवरून इतर गावांच्या लिफ्ट बघायला लागले, आणि त्यांचा फोन दोन-दोन दिवस वाजेनासा झाला. त्यांनी खोलीपुढे मिरच्यांची चार रोपं लावली. पोस्टमास्तरांची बायको त्या हिवाळ्यात गेली. शेवटच्या आठवड्यात पोस्टमास्तर दिवसातून चार-चारदा वर जायचे. त्यानंतर ते लिफ्टकडे फिरकले नाहीत, पण चार वाजता दवाखान्यात यायचे आणि मिस्त्रींशेजारी पायरीवर बसायचे. दोघं फारसं बोलत नसत. ते दोघांनाही बरं पडायचं.

मिस्त्रीणबाई दर दुसऱ्या शनिवारी यायच्या आणि सोमवारी परत जायच्या. पहिल्या खेपेला त्यांना झोप येईना, म्हणून त्यांनी रेडिओ उशाशी लावून ठेवला. मिस्त्री खाट घेऊन अंगणात झोपले. दुसऱ्या खेपेला सिस्टरनी कमरेत घट्ट झालेला अ‍ॅप्रन पुढे केला. बाईंनी तो हातानंच सैल करून दिला. तिसऱ्या खेपेला त्यांच्याबरोबर एक हातमशीन आलं, आणि रविवारी सकाळी मिस्त्रींनी दार उघडलं तर व्हरांड्यात अकरा बायका कपड्यांची बोचकी घेऊन बसल्या होत्या आणि सगळ्या एकदम बोलत होत्या. बाई मधोमध. चेहरा उजळलेला. मिस्त्रींनी शर्ट घातला आणि ते पलीकडच्या माळावर निघून गेले. दुपारी परत आले तेव्हा बाईंना गावातल्या प्रत्येक घरात काय शिजतंय, कोण कुणाशी बोलत नाही आणि का, हे सगळं कळलेलं होतं. वर्षभर गावात येऊन-जाऊन असूनही मिस्त्रींना यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. संध्याकाळी बाईंनी सांगितलं, त्यांनी ऐकलं. आपण किती लोकांच्या मध्ये राहतोय हे कळून ते थोडे धास्तावले.

एका सोमवारी बाई बॅग भरून फाट्यावर उभ्या होत्या. मिस्त्री सोबत होते. नऊची बस साडेदहापर्यंत आली नाही. अकराच्या सुमाराला एक सायकलवाला सांगत गेला, की पलीकडच्या पुलाचं काम निघालंय, आज काही बस यायची नाही.

"मग?" बाईंनी विचारलं.

"उद्या येईल."

"आणि उद्या नाही आली तर?"

मिस्त्रींनी रस्त्याकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता. "परवा," ते म्हणाले.

"दुकानात त्या बायका खोळंबतील माझ्यासाठी."

"हो. खोळंबतील."

बाईंनी बॅग उचलून मिस्त्रींच्या हातात दिली आणि गावाच्या दिशेनं चालू लागल्या. "त्या गिरणीवालीच्या सुनेचा घागरा अर्धवट राहिलाय," त्या म्हणाल्या. "तेवढा हातावेगळा करते."